आबा, मायचा हात खरंच दुखत होता

आबा, माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सांधा आखडला होता. आधी फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येईनात, मग हात पाठीमागे जाईना, शेवटी ब्लाउजच्या बाहीत हात घालायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. गोळ्या झाल्या, शेक झाला, इंजेक्शन झालं. मग नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांध्याभोवतीचं आवरण चिकटून घट्ट झालंय, दुर्बिणीतून मोकळं करावं लागेल. घरात कुणाला शुगर होती का, हेही विचारलं. मी म्हटलं, वडिलांना होती, आता मला आहे. शुगर असली की खांदा असा धरतो म्हणे. म्हणजे तुमची तापीकाठची जमीन भावाकडे गेली आणि हे माझ्याकडे आलं.

मग मी त्यांना मायबद्दल विचारलं. तिचाही हात वर जात नव्हता, केस विंचरता येत नव्हते, त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. कागदावरून मान वर न करता ते म्हणाले, "हेच असणार. फार दुखतं हे." एवढंच. आपल्या घरात मायबद्दल हे वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

तुम्हाला तो बिबड्यांचा दिवस आठवत नसेल. मला आठवतो. उन्हाळा आहे, अंगणात चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटतोय, गल्लीतल्या बाया खाटेवरच्या ओल्या कापडावर बिबड्यांचं वाळवण घालतायत. माय डाव्या हातानं घाटा ढवळतेय आणि तिला ते जमत नाहीये. शेजारची काकू म्हणते, सोड, मी घोटते, तुझा खांदा दुखतोय. तुम्ही नुकतेच मिरचीच्या शेतातून आलेले, पाणी पीत ओट्यावर उभे. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "हिना हात नई दुखस. कामना कटाया शे, म्हनीसन सोंग करी ऱ्हायनी." दोघीतिघी हसतात, बाकीच्या खाली बघतात. माय घोटणी उजव्या हातात घेते आणि शेवटपर्यंत त्याच हातानं घोटते. नंतर चुलीपाशी मी तिच्या खांद्याला तेल लावायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "तुन्हा बापले सांगू नको दुखस म्हनीसन," एवढंच म्हणाली. मी सातवीत होते. दुखणं ही बापापासून लपवायची गोष्ट असते, हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढं नीट पाळलं.

आणि तुमचा पाय चिघळला तेव्हा? जीप करून सुरतेला नेलं तुम्हाला. भावाची परीक्षा होती, तरी तो सोबत आला. घरी आल्यावर कण्हण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा आणि गल्लीतला प्रत्येक जण येऊन विचारपूस करून जायचा. तुमचं दुखणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. तुमचं तेवढं खरं मानलं गेलं, असं म्हणतेय. तुमची जखम रोज कोण धूत होतं? माय. उजवा हात अंगाशी धरून, डाव्या हातानं कापूस फिरवत. तुम्ही तिच्यावर खेकसत होतात की हलक्या हातानं कर. तिनं दुसरा हात का लावला नाही, हे तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

ऑपरेशननंतर हात बधिर होता तोवर मी मजेत होते. भूल उतरली आणि भिंतीला टेकून बसल्याशिवाय झोप येईना. त्यातच हात हलवायचा, नाहीतर पुन्हा चिकटेल. तुमच्या जावयांनी दाराच्या चौकटीला कप्पी लावली, दोरी ओवली. चांगल्या हातानं ओढायचं, म्हणजे दुखरा वर जातो. ते शेजारी बर्फाची पिशवी घेऊन बसतात आणि दर वेळी विचारतात, फार दुखतंय का. पाणी भरू लागतात म्हणून तुम्ही बायल्या म्हणायचात ते हेच.

व्यायाम करून घ्यायला जी मुलगी आहे ती धडगावकडची. पहिल्या आठवड्यात ती माझा हात वर नेत होती आणि मी पदर तोंडात धरून गप्प होते. ती मध्येच थांबली. "काकू, दुखलं की बोला. तुम्ही बोलला नाहीत तर कुठं थांबायचं मला कळणार नाही." मी मान हलवली. पुन्हा हात वर गेला, पुन्हा दातावर दात. तिनं हात खाली ठेवला आणि नुसती बसून राहिली. आबा, वर्गात दिवसभर बोलणारी बाई मी, पण तो एक शब्द माझ्या तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, दुखतंय. ती म्हणाली, बरं, इथं थांबू. मी सांगितलं आणि समोरचं माणूस थांबलं. मला रडू आलं. ती बिचारी बर्फ आणायला धावली.

तेव्हापासून मायच्या वतीनं तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. ती गेली तोवर तिचा हात थोडा सुटला होता, पूर्ण कधीच नाही. तिला कप्पी मिळाली नाही, गोळी मिळाली नाही. दुखतंय हे मान्यही कुणी केलं नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. तुम्ही जिवंत माणसाबद्दल बोललात, तिच्यासमोर. मी माफ करणार नाही.

हे पत्र पाठवायचं कुठं? कपाटातही ठेवणार नाही, फाडून टाकीन. पण एक राहिलं. काल गच्चीवर ओली चादर वाळत घालताना माझा हात तारेपर्यंत पोचला. आधाराशिवाय, सरळ वर. घरात कुणी नव्हतं. पहिल्यांदा मनात माय यायला हवी होती. आलात तुम्ही. वाटलं, आबांनी हे बघायला हवं होतं.