उष्ट्याचं वजन

३ फेब्रुवारी
लागली बाई एकदाची नोकरी! अंबरनाथ एमआयडीसीत, बदलापूरहून रिक्षाने वीस मिनिटं. अंतराळवीरांचं जेवण करायचं. खिचडी, पिठलं, पुलाव, सगळं सुकवून पाकिटात. गरम पाणी घाला आणि खा. आई म्हणाली, आधी घरचा कुकर नीट लाव. काचेच्या बंद खोलीत आजपासून सदू बसलाय, बारवी धरणाजवळच्या पाड्यातला. नव्वद दिवस फक्त आमची पाकिटं खाणार. आवाज आरपार जात नाही. मला बघून छान हसला.

६ फेब्रुवारी
सदू रोज थोडं पानात टाकतो. यानात उष्टं म्हणजे फुकटचं ओझं. मी आमच्या प्रमुखांना, कमळाकर सरांना सुचवलं, जेवढं उरेल तेवढं उद्याच्या पाकिटातून कमी करू, म्हणजे खरी भूक कळेल. सर जाम खूश. नियम माझ्या सहीने फायलीत लागला. तीन दिवसांत नाव काढलं आपण.

२८ फेब्रुवारी
पाकीट निम्म्यावर आलं, तरी हा एक घास ठेवतोच. गालफडं बसलीत. काच ठोकून रिकामं पाकीट दाखवतो. एवढी भूक आहे तर संपव ना बाबा, आधी पानातलं. सर म्हणाले, लक्ष देऊ नकोस.

१२ मार्च
गेटवर सदूची आई आली होती, कौसाबाई. फडक्यात तांदळाची भाकर. वॉचमनने ती आत नेऊ दिली नाही. मी सहज विचारलं, घरीही टाकतो का हा? ती म्हणाली, "आमच्यात शेवटचा घास मुंगी-चिमणीला ठेवतात, बाय. घास ठेवला का उद्या अन्नाला तोटा नाय."
उद्या जास्त मिळावं म्हणून तो ठेवतोय, आणि मी कापतेय.
सरांना सांगायलाच हवं. पण सोमवारी मला कायम करणार आहेत. नियम चुकला म्हटलं तर गेलं सगळं. सोमवारी सांगते. चार दिवसांत काय होतंय.

१६ मार्च
कायम झाले. पेढे वाटले.
सदूला आज दोनच घास. एक खाल्ला, एक ठेवला. मग काचेला टेकून बसला — उठलाच नाही. मी सांगितलं नव्हतं.

१७ मार्च
सर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "फायलीवर सही तुझी आहे. ती पोलिसांना दाखवू, की उरलेले दिवस तू आत काढतेस?"
आईला सांगितलं, ट्रेनिंग आहे.
दार बाहेरूनच उघडतं.

१८ मार्च
पाकीट सदूचं जिथे थांबलं तिथूनच सुरू. दोन घास. काच ठोकली. सरांनी फाईल काचेला लावून दाखवली — नियमात कमी करायचं आहे. वाढवायचं मी लिहिलंच नव्हतं.

२४ मार्च
पाकीट फाडून चाटते. तरी उद्या कमी. ओलं पाकीट वजनकाट्यावर ठेवतात — माझी थुंकी — तीही उष्ट्यात —

तारीख माहीत नाही
एकच घास आला. कोपऱ्यात सदूचा तो — वाळलेला — अजून कोणी उचललेला नाही. तो खाल्ला.
हा ठेवू का. कौसाबाई म्हणाली होती, घास ठेवला का उद्या —