तुझ्या नावानं आलेला निरोप

अगं ऐकलंस का,

तू जाऊन सहा महिने झाले आणि आज तुझ्या नावानं निरोप आला! माझ्या हातातली कात्रीच गळून पडली. आपली लेक मेलेल्यांशी बोलणाऱ्या बाईकडे जाऊन आली. म्हणे, "आई म्हणाली, नवऱ्याकडे परत जा." ज्यानं तिचा हात मोडला, त्याच्याकडे? तूच तर तिला तिथून घरी आणलं होतंस!

मी ओरडलो, "मेलेल्यांना विचारायला शास्त्रात साफ मनाई आहे! जिवंत देव आहे ना विचारायला?"

"तुम्हालाच विचारणार होते, बाबा. पण आई गेल्यापासून शिलाई मशीनवरून मान तरी वर केलीत का?"

खरंच होतं तिचं. आणि आता मीही तुलाच विचारत बसलोय बघ! पुरे झालं. ती बॅग भरतेय. तिला थांबवायला उठतो.

तुझाच,
लेकीचा बाबा