दोन निळे धागे

सूनबाई,

चार दिवस तू माझ्याशी फार गोड बोलतेयस, तेव्हाच मला संशय आला होता. मी खोलीत आले की तुम्ही नवरा-बायको गप्प होता. मग मी हातमागाशी बोलत बसते, तो तरी खटखट करतो.

बाळाला अंगाशी बांधायचं कापड हवंय, गिऱ्हाईक नवीन आहे, म्हणालीस. नवीन गिऱ्हाईक माप मीटरमध्ये सांगतं. तू लिहून आणलंस, नऊ हात, आणि मधोमध दोन निळे धागे. मधली खूण बाळाच्या पाठीवर यावी म्हणून ते धागे मी फक्त माझ्या पोरांच्या कापडात घातले होते. निम्मं विणून झालं, निळ्या धाग्याचा धोटा हातात घेतला आणि हात थांबला. तीन वर्षं जिचं नाव मी या घरात काढू दिलं नाही, त्या माझ्या लेकीचं कापड विणत होते मी. आजी झाल्याचं मला मागाने सांगितलं. मुलगा की मुलगी, तेही ठाऊक नाही.

कापड दोनदा धुऊन मऊ केलंय, ते घेऊन जातेय. तिचा पत्ता पिठाच्या डब्याखाली सापडला. धड लपवताही येत नाही तुला. दूध तापवून झाकलंय.

तिने दार उघडलं नाही तर कापड उंबऱ्यात ठेवून संध्याकाळी परत येईन. मग काही विचारू नकोस, नुसतं वाढ.

तोंडावरच सांगणार होते, पण तू बाजारात गेलीस, म्हणून इथेच लिहून ठेवते. लबाड आहेस तू. पण ते दोन धागे लिहायला विसरली नाहीस, तेवढी माझी आहेस.