हँड गिअर काढला तेव्हा

विश्रांतवाडी, पुणे

प्रिय तनू,

फोनवर आपलं बोलणं 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' याच्यापुढे जात नाही, म्हणून हे पत्र. बातमी अशी की आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीचा हँड गिअर काढला. स्टिअरिंगशेजारचा तो दांडा गेला. आता गिअर खाली, दोन सीटच्या मधे. क्लचही बदलला. पॅडल रुंद आहे आणि इतकं हलकं, की तुझ्या आईने खाली वाकून हाताने दाबून पाहिलं. शेजाऱ्यांना मी माझ्या गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण तू आहेस. काकांच्या आमोदच्या लग्नाला बंगळूरहून येशील तेव्हा तू ही गाडी चालवावीस, एवढी एकच इच्छा आहे. चोवीस वर्षांत तू कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस, हे ठाऊक असूनही लिहितोय.

त्यासाठी पुढचं लांब सीटही काढावं लागलं. रविवारी मंडईला जाताना तू त्यावर आमच्या दोघांच्या मधे बसायचीस. मी क्लच दाबून नुसतं 'हं' म्हणायचो आणि तू दोन्ही हातांनी दांडा खाली ओढायचीस. सात वर्षांची होतीस. मंडईपर्यंत अर्धी गाडी तूच चालवायचीस आणि येताना मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन झोपून जायचीस. एखाद्या रविवारी तू आजारी असलीस तर गिअर मलाच टाकावा लागायचा, आणि खरं सांगतो, मला अजिबात मजा यायची नाही.

अशा मुलीने गाडी सोडली. तू कॉलेजात होतीस. होळकर पुलाकडून वर येताना चढावर तू पहिला टाकलास, क्लच सोडलास आणि गाडी सरळ मागे गेली ती पेरूच्या हातगाडीवर. कुणाला लागलं नाही. पण मी भर रस्त्यात ओरडलो, की पहिला आणि न्यूट्रल यातला फरक ज्याला कळत नाही त्याने बैलगाडी हाकावी. लोक हसले. तू रस्त्यावर बसून पेरू गोळा करत होतीस.

पुढे मी त्याची गंमत करून टाकली. 'पेरू घ्यायला लोक पिशवी नेतात, आमची तनू डिकी नेते.' बारसं असो, मुंज असो, तुझं स्वतःचं केळवण असो, चार माणसं जमली की 'श्यामराव, ती पेरूची सांगा' अशी फर्माईश व्हायची आणि मी रंगवून सांगायचो. तू पाण्याचे पेले भरायला उठायचीस. लहानग्या ऋषीला ताप भरला होता, जावई परगावी होते, दारात तुमची गाडी उभी होती, तरी तू त्याला कडेवर घेऊन भर उन्हात रिक्षा शोधत फिरलीस. आईने हे सांगितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण तेव्हाही मी काही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात बद्रीनाथ मेकॅनिकने तो जुना दांडा सोडवून माझ्या हातात दिला. त्यावरचा एक जोड दाखवून म्हणाला, 'साहेब, हे वेल्डिंग आपलंच. ताईंची गाडी मागे गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं.' आई शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घरात निघून गेली. तेव्हापासून चहा टेबलावर ठेवते आणि जाते. तिचं बरोबरच आहे.

होय तनू. ती जोडणी झिजली होती. पहिला टाकला तरी गिअर सुटायचा. तू गिअर बरोबरच टाकला होतास, आणि मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. खडकीच्या फॅक्टरीत माझ्या सहीशिवाय माल बाहेर पडत नसे, आणि लेकीवर ओरडल्यावर चूक आपल्याच गाडीची निघाली, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता ती गोष्ट इतकी रंगली, की लोकांच्या हशापुढे मला तुझा चेहरा दिसेनासा झाला. याची मला फार लाज वाटते. आमोदच्या लग्नात ती फर्माईश पुन्हा होईल. या वेळी मी सगळी गोष्ट सांगणार आहे, वेल्डिंगसकट, सगळ्यांसमोर. पण कुणाच्याही आधी ती तुला कळायला हवी, म्हणून हे पत्र. तू गाडी चालवली नाहीस तरी चालेल. माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजून घेईन. फक्त आपल्याला जमत नाही असं मनात धरून राहू नकोस. तुला येत होतं, बाळा.

तुझाच,
उशिरा बोललेला बाबा