दुधातली पुडी

२६ एप्रिल
माझी भाडेकरू डेलरीन, तिची मांडी पुन्हा धरली! एकेक पायरी करत जिना उतरली बिचारी. आणि पुढच्या शनिवारी मायामीत जमैकाकडून रिले शर्यत पळायची. गोळी देऊ का म्हटलं तर दोन्ही हात वर — "नो, मिस रत्ना! संघाच्या डॉक्टरांच्या यादीत नाही ते मी तोंडात घालत नाही."
कसली मेली यादी! भाच्याने, शशिकांतने, साताऱ्याहून आणलेल्या वैद्यांच्या पुड्या आहेत की. माझे गुडघे त्यांच्यावरच चालतात. झाडपाल्याला कोण विचारतंय? तिच्या हळदीच्या दुधात एक घातली. सांगितलं नाही.

२९ एप्रिल
रोज एक देतेय. आज जिना धडाधड उतरली!

४ मे
तिसऱ्या आल्या! टीव्हीसमोर एकटीच ओरडले. तिसरा टप्पा डेलरीनचा — वळणावरचा, जिथे कॅमेरा थांबत नाही. सतरा वर्षं पळतेय ही मुलगी. शाळेत असताना सगळ्या गावाची आशा, मग इथली स्कॉलरशिप, मग दुखापती. दोनदा मोठ्या स्पर्धेला नेलं ते राखीव म्हणून, बाकावर बसवायला. आता इथे ट्रॉयमध्ये माझ्या खालच्या खोलीत राहते, दिवसा बुटांच्या दुकानात उभी असते. बत्तिसाव्या वर्षी पहिलं मेडल. ब्राँझ, चौघींचं!

७ मे
मेडल माझ्याच गळ्यात घातलं. मग ड्राइव्हवेवर लाटणं घेऊन मला रिले शिकवली. "मागे बघायचं नाही, मिस रत्ना. हात मागे करायचा. जे येईल ते धरायचं." लाटणं तीनदा पडलं. हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते.

११ जून
डेलरीनला पत्र आलं. मायामीतल्या तपासणीत स्टिरॉइड निघालं म्हणे. मेडल जाणार — चौघींचंही. ते कुठून आलं हे दाखवलं तर शिक्षा कमी होईल, नाहीतर दोन वर्षं बंदी. उत्तराला वीस दिवस. "मी काही घेतलं नाही," एवढंच म्हणत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. रात्री पुड्यांचा डबा काढून बघितला.

१२ जून
शशिकांतला फोन केला. "मावशी, कळलं नाही का तुम्हाला? त्या वैद्याला धरलं की! पुड्यांत स्टिरॉइड मिसळायचा."
मीच. मीच केलं हे.

१३ जून
केदारला जर्सी सिटीला फोन. माझाच मुलगा, पण बोलला वकिलासारखा. "आई, लीगल मॅटर आहे. तू कुणाला काही बोलू नकोस. शी विल स्यू यू, यार! कोर्टात खेचेल ती!" बरं म्हटलं. लाज वाटते लिहायला, पण सुटल्यासारखं वाटलं.

१७ जून
डेलरीनने घरातलं सगळं टेबलावर मांडलं — व्हिटॅमिन, टूथपेस्ट, ओठांना लावायचं मलम. एकेक वाचून वहीत लिहीत होती. मग मान वर न करता विचारलं, "मिस रत्ना, दुधात काय असायचं?"
"हळद," म्हटलं मी.

२१ जून
रिलेत पहिला टप्पा पळालेल्या मुलीचा डेलरीनला फोन आला होता. फोन स्पीकरवर होता; खालून रडणं ऐकू येत होतं. दोघींचं.

२४ जून
आजही सांगितलं नाही.

२८ जून
इथे तरी खरं लिहू दे. कोर्टाची भीती नाही मला. सांगितलं की ती सामान उचलून जाईल, आणि हे घर पुन्हा पहिल्यासारखं होईल — त्याची भीती आहे. एवढ्यासाठी तिची दोन वर्षं! बत्तिसाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे सगळंच. शोभतं का माझ्या वयाला? डब्यात सात पुड्या उरल्यात. उद्या सकाळी तिच्यासमोर ठेवणार. काय व्हायचं ते होवो.

२९ जून
ठेवल्या. सगळं सांगितलं.
तिने कालच उत्तरावर सही करून पाठवलं होतं. दोन वर्षं मान्य. कुठून आलं ते माहीत नाही, असं लिहून.
ओरडली नाही. पुड्यांना हात लावला नाही. एकच विचारलं — "तुम्हाला कधी कळलं?"
"बारा तारखेला," म्हटलं.