फुलोरा आलेल्या बेटाची वाटणी

मी, ठमाबाई गोटीराम महाले, धंदा टोपल्या विणणे, राहणार हरसूलजवळचा पाडा, जिल्हा नाशिक. वय आधार कार्डावर एकाहत्तर, खरे कोणालाच ठाऊक नाही. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर दडपण आणेल असा माणूस अजून पाड्यात नाही. सातवी शिकले आहे, म्हणून हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहिते.

१. राहते घर मुलगा कुंदन याला. पत्रे गळतात, तेही त्याचेच. दरवर्षी "पुढच्या उन्हाळ्यात करू" म्हणतो.

२. कोयता, सुऱ्या आणि बसायचा पाट सून प्रतिभाला. तिची वीण माझ्यापेक्षा घट्ट आहे. आमच्या बाजाराच्या टोपल्या नि धान्याच्या कणग्या रास्त भाव देणाऱ्या फेअर ट्रेड संस्थेच्या साधनाताई नाशिकहून येऊन नेतात. भाव आधी ठरवतात आणि मग शब्द फिरवत नाहीत. विणणाऱ्या बायकांच्या गटातली माझी जागाही प्रतिभालाच द्यावी. बाजारातला जो व्यापारी टोपली उलटी करून तिच्यावर बसून बघायचा आणि वर भाव पाडायचा, त्याला माझ्या हातची टोपली मी मेल्यावरही देऊ नये.

३. घरामागचे बांबूचे बेट. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग अख्खे बेट वाळून जाते. यंदा फाल्गुनात आमचे फुलले. पान एक नाही, पेरापेरावर नुसते झुपके. पुढे वारा सुटला की साळीसारखे बी पत्र्यावर सडसडत पडायचे. लोक अपशकुन म्हणाले. मी हात जोडून उभी राहिले. जन्मभर ज्याला कापत आले, ते जाताना एवढे देत होते. मला भीती वाटली आणि डोळेही भरून आले.

कुंदन म्हणाला, "आये, बेट मेलं. जेसीबी लावू, टमाटे टाकू."

"बी पडलंय बघ."

"त्याची काठी व्हायला लय वर्षं लागतील. तू असशील का?"

"मी नाय. म्हणून तर लिहून ठेवते."

आणि ती जागा मी प्रतिभाच्या नावे लिहिली.

इथवर आधीच लिहून ठेवले होते. काल पाऊस उघडला, तसा कुंदन जेसीबी घेऊन आला. खुणा करायला बेटात शिरला, तो बाहेरच येईना. मी गेले. चपला हातात धरून मधोमध उभा. वाळल्या पाल्यातून सगळीकडे हिरवे कोंब वर आलेले.

"आये," तो हळूच म्हणाला, "पाय कुठं ठेवू? समदीकडं उगवलंय."

जेसीबीवाल्याला त्यानेच हात करून परत पाठवले. प्रतिभाने कापलेल्या खुंटांवर फळी टाकली, तेव्हा कुठे बाहेर आला.

म्हणून कलम तीनमधले प्रतिभाचे नाव तिच्यासमोर, तिच्या संमतीने खोडले आहे. बेट कुंदनला.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

ठमाबाई गोटीराम महाले

साक्षीदार:
१. लहानू काशिराम भोये
२. फुलाबाई सोमनाथ गावित

ठिकाण: हरसूल
दिनांक: २० जुलै २०२५