पाच वाजताची लाट

वॉगा वॉगा, ६ जानेवारी

आईला, नदीकाठावरून मॉरीनचं आणि पोरांचं प्रेम.

पोरं मजेत आहेत, काळजी करू नकोस. काल बागेतल्या छोट्या आगगाडीत बसून झालं. ऊन मात्र फार आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

आज दुपारी नदीवर गेलो. सुट्टीत आजीकडे आलो की बाबा मला आणि धाकट्या कॉलिनला जिथे बसवून जायचे, त्याच वाळूवर मी पोरांना बसवलं. म्हटलं, पाच वाजता धरणाचं पाणी सुटतं, मोठी लाट येते, तोवर जागचं हलायचं नाही.

शेजारी गळ टाकून बसलेला म्हातारा खो खो हसला. "कुठल्या तुम्ही, सिडनीच्या? अहो बाई, लाटबिट काही नसते! बाहेरच्यांना बनवायला सांगतो आम्ही. आमच्या गावचं शेंबडं पोरसुद्धा फसत नाही."

मीही हसले. मग आठवलं, बाबा सहाला परत यायचे तेव्हा त्यांचे केस ओले असायचे आणि अंगाला आजीकडे नसलेल्या साबणाचा वास यायचा. "आत्ताच गेली की लाट! लक्ष कुठे होतं तुमचं?" म्हणायचे.

बाबांचं सोड. आई, तू तर याच गावात वाढलीस. तरी जेवताना दर वेळी त्यांच्याकडे बघत आम्हाला विचारायचीस, "काय, आली का आज लाट?" आणि आपणच नीट बघितलं नाही म्हणून कॉलिन रडायचा.

त्याला मी अजून काही कळवलेलं नाही. ते तू कळव.

तुझी, उशिरा शहाणी झालेली,
मॉरीन